औटकी, नांगर आणि टकळी

जूनमधली संध्याकाळ. लेकीच्या नव्या वहीत तुम्ही तिचं वेळापत्रक आखून देताय: मराठी, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास, कोपऱ्यात कार्यानुभव. ती विचारते, "हेच विषय का? कोणी ठरवले?" तुमचा हात थांबतो. उत्तर शोधायला मागे जावं लागेल.

साल १८२०. पुण्याजवळच्या एका गावात, वाड्याच्या ओसरीवर तुम्ही मांडी घालून बसलात. पुढ्यात धूळपाटी. ओनामा गिरवायचा, चुकला की तळव्यानं धूळ सारखी करायची. छापील पुस्तक कुणाकडेच नाही. दिवेलागणीला पोरं एका सुरात परवचा म्हणतात: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, पार औटकीपर्यंत. साडेतीनचा पाढा कशाला, असं तुमच्या मनात येतं. पण उद्या पेढीवर साडेतीन पायल्यांचा हिशेब तोंडीच करायचा आहे. मोडी शिकायची, कारण दप्तरात भराभर लिहावं लागतं. या शाळेत वायफळ काहीच नाही. कुलकर्ण्याच्या दप्तराला आणि वाण्याच्या वहीला जे लागतं, तेवढंच आहे. म्हणूनच ओसरीवर मुलंही बहुतेक त्यांचीच. कुणब्याचा पोरगा शेतावर आहे, महाराच्या पोराला ओसरी चढायचीही मुभा नाही, आणि मुलगी एकही नाही.

आता १८८२, ऑक्टोबरची १९ तारीख. पुण्यात जोतीराव फुले हंटर शिक्षण आयोगापुढे आपलं निवेदन मांडताहेत. ओसरी मागे पडली आहे. सरकारी शाळा, छापील पुस्तकं आणि परीक्षा आल्या आहेत, त्यातून कचेऱ्यांना कारकून मिळताहेत. तुम्ही निवेदनावर नजर टाकता. सरकारची तिजोरी भरते ती रयतेच्या घामावर, आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना, हे जोतीराव राज्यकर्त्यांना सरळ सांगतात. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी आहे. पुढे अभ्यासक्रमच दिलाय: मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरणाची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे धडे. शाळेला जोडून छोटं नमुना-शेत. आणि मास्तर कसा हवा? वेळ पडली तर नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हाती धरायला न लाजणारा. तुम्ही ही ओळ पुन्हा वाचता. ओसरीवर जो नव्हता, त्याच्या आयुष्याला इथे विषयांच्या यादीत जागा मागितली गेली आहे.

साल १९३९, आजचं सेवाग्राम. तुमच्या बोटांत टकळी आहे. दोनच वर्षांपूर्वी वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला आणि झाकिर हुसेन समितीनं त्याचा आराखडा केला. रोजच्या साडेपाच तासांतले ३ तास २० मिनिटं मूळ उद्योगाला. शेजारचा मुलगा सूत मोजतोय: १६० तारांची एक लटी. दीड लटीला किती तार? गणित त्याच्या हातातच आहे. मग कापूस कुठे पिकतो, इथली कापड-विणाई कशी बुडाली, अशी भूगोल-इतिहासाची वाट त्याच धाग्यानं उघडते. हात आणि डोकं वेगळे नाहीत, हा इथला विश्वास तुम्हाला पटतो. तरी एक गोष्ट खुपते: समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान, दोन्ही मिळून फक्त ३० मिनिटं.

तुम्ही परत आलात. वही तशीच उघडी आहे. कोपऱ्यातला कार्यानुभव आता तुम्हाला ओळखू येतो. १९६६ मध्ये कोठारी आयोगानं तो सुचवला, तेव्हा मूलोद्योगाच्या विचाराचाच धागा पुढे नेला होता. ३ तास २० मिनिटांची एक तासिका झाली, एवढाच फरक. हा फरक लहान नाही.

लेकीला खरं उत्तर द्या. कोणतं आयुष्य जगण्याजोगं आणि कोणाचं आयुष्य मोलाचं, हे ज्या त्या काळातल्या माणसांनी ठरवलं, आणि विषय त्यातून आले. जोतीरावांनी त्यांच्या काळातली विषयांची यादी अंतिम मानली नाही, आपणही मानू नये. पुढच्या पालकसभेत गुणांची चौकशी करण्याआधी एवढं विचारा: या वेळापत्रकात कोणाच्या कष्टाला, कोणाच्या भाषेला जागा नाही?