जलसा, बैठक आणि समाज : पुण्यातील आरंभीच्या जाहीर गायनाचा एक शब्दाश्रित विचार

१

महाराष्ट्रातील संगीताच्या इतिहासात ‘पहिला जाहीर जलसा कोणी केला?’ हा प्रश्न वारंवार उपस्थित केला जातो. त्याचे रूढ उत्तर पं. विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) हे होय. १८९६ साली मिरज सोडल्यानंतर सौराष्ट्रात त्यांनी अल्प दराचे तिकीट लावून सर्वांसाठी गायन केले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. परंतु पुण्यात १८७४ सालीच गायनसमाज स्थापन झाला होता आणि सभासदांसमोर गायनवादन घडवून आणणे हे त्याचे एक मुख्य कार्य होते. मुंबईत त्याच्याही आधी, १८७० साली, कैखुशरू काबराजी यांच्या पुढाकाराने पारशी गायन उत्तेजक मंडळी अस्तित्वात आली होती. आणखी मागे जावयाचे तर देवळाच्या सभामंडपात शेकडो श्रोत्यांपुढे होणारे कीर्तन हेही जाहीर गायनच होते.

हा विसंवाद साधनांच्या अपुरेपणातून निर्माण झालेला नाही. ‘जाहीर’ आणि ‘जलसा’ या दोन्ही शब्दांचा अर्थ आपण गृहीत धरतो, म्हणून तो निर्माण होतो. गायनप्रसंगांना मराठीत वापरले गेलेले शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत. यजमान कोण, श्रोता कोणत्या अधिकाराने आला आणि गाणाऱ्याचे स्थान कोणते, या तीन गोष्टी प्रत्येक शब्दात वेगळ्या रीतीने सांगितलेल्या आहेत. पुण्याचे उदाहरण घेऊन हे शब्द तपासल्यास पहिलेपणाचा वाद गौण ठरतो आणि त्यामागील सामाजिक प्रश्न पुढे येतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

२

प्रथम शब्दांची मांडणी पाहू. ‘जलसा’ आणि ‘मजलस’ हे दोन्ही शब्द ‘बसणे’ या अर्थाच्या एकाच अरबी धातूपासून आलेले आहेत. ‘महफिल’ हा शब्द ‘एकत्र जमणे’ या अर्थाच्या वेगळ्या अरबी धातूचा. मराठीने त्याचे ‘मैफल’ केले. बोलण्यात ‘पहिला’चे ‘पैला’ होते, त्याच प्रवृत्तीचा हा परिणाम होय. ‘बैठक’ हा शब्द संस्कृत ‘उपविष्ट’पासून प्राकृतद्वारा आलेल्या ‘बैठ’ या अंगापासून बनला आहे. प्रमाण मराठीत त्या क्रियेसाठी ‘बसणे’ हे क्रियापद रूढ आहे, ‘बैठणे’ नाही. नाम आहे पण क्रियापद नाही, ही स्थिती लक्षात घेता हा शब्द उत्तरेकडील भाषेच्या संपर्काने आपल्याकडे रुळला असावा, असे अनुमान करता येते. अर्थाच्या दृष्टीने ‘जलसा’ आणि ‘बैठक’ ही जवळजवळ एकाच शब्दाची दोन भाषांतली रूपे आहेत.

याच्या उलट दिशेला ‘उभे राहणे’ या क्रियेवर आधारलेले प्रयोग आहेत. कीर्तनकार ‘कीर्तनाला उभा राहतो’. शाहीर पोवाड्याला उभा राहतो. तमाशाचा फड उभा राहतो. लावणीच्या बाबतीत तर भाषेने हा भेद स्पष्टच नोंदविला आहे : ‘बैठकीची लावणी’ मोजक्या रसिकांपुढे बसून, भावाभिनयासह गायिली जाते, ‘खडी लावणी’ फडावर, मोठ्या समुदायापुढे, नृत्यासह उभ्याने सादर होते. अव्वल इंग्रजीच्या आरंभी मराठी समाजात दोन श्रवणव्यवस्था नांदत होत्या, असे यावरून म्हणावयास हरकत नाही. बसून गाणे हे यजमानाच्या घरी वा दरबारात निमंत्रितांपुढे होई. उभ्याने गाणे हे चव्हाट्यावर, देवळात अथवा जत्रेत समुदायापुढे होई.

मात्र या दोन व्यवस्थांतील प्रतिष्ठेचा हिशेब इतका सरळ नाही. बैठकीची लावणी गाणारी स्त्री बसलेली असे. पण ती यजमानाच्या इच्छेवर अवलंबून असे. कीर्तनकार उभा असे आणि श्रोते त्याच्या पायांवर मस्तक ठेवीत. शिवाय देवळातील कीर्तन सर्वांना खुले म्हणावे, तर ज्यांना देवळाचा उंबरठाच निषिद्ध होता अशा जाती त्या ‘सर्वां’त नव्हत्या. बसणे किंवा उभे राहणे ही केवळ खूण आहे. कोण कोणाला बोलावतो, हा तिच्यामागील खरा प्रश्न होय.

३

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि पुण्यातील दरबारी यजमान नाहीसा झाला. त्याची जागा संस्थानिकांनी काही प्रमाणात घेतली. परंतु ती पुण्याबाहेर. पुण्यात यजमानपदाची जी पोकळी राहिली, तीत १८७० नंतर एक नवी संस्था पुढे आली. तिचे नाव ‘समाज’.

हा शब्द त्या दशकात विशेष प्रचलित होता. प्रार्थनासमाज मुंबईत १८६७ साली निघाला. सत्यशोधक समाज पुण्यात २४ सप्टेंबर १८७३ रोजी. गायनसमाज पुण्यातच १८७४ साली. आर्यसमाज मुंबईत १८७५ साली. समान उद्दिष्टासाठी स्वेच्छेने एकत्र आलेल्या व्यक्तींचा संघ, हा या सर्व नावांतील अर्थ नवा होता. तथापि संगीताच्या संदर्भात ‘समाज’ हा शब्द नवा नव्हता. अशोकाच्या पहिल्या शिलालेखात ‘समाज’ भरविण्यास मनाई आहे. त्यात पुष्कळ दोष दिसतात, परंतु काही समाज राजाला चांगलेही वाटतात, असा त्याचा आशय आहे. तेथे समाज म्हणजे उत्सवी मेळावा. वात्स्यायनाच्या कामसूत्रात सरस्वतीच्या मंदिरात पक्षातून वा मासातून ठराविक दिवशी भरणाऱ्या ‘समाजा’चे वर्णन येते आणि बाहेरून आलेल्या कलावंतांनी तेथे प्रयोग दाखवून दुसऱ्या दिवशी आपले मानधन घ्यावे, अशी व्यवस्थाही सांगितली आहे. ठराविक दिवस, ठराविक स्थळ, नागरक श्रोते आणि नियत मोबदला, हे सर्व घटक तेथे आहेत. १८७४ मधील संस्थापकांच्या मनात हे संदर्भ होते, असे सुचविण्याचा हेतू नाही. पण शब्दाचा जुना अर्थ आणि संस्थेचे नवे कार्य यांचा मेळ लक्षणीय आहे.

गायनसमाजाचे सूत्रचालक बळवंत त्रिंबक सहस्रबुद्धे होत. सुशिक्षित वर्गात देशी संगीताविषयी आस्था उत्पन्न करणे आणि त्या कलेला प्रतिष्ठा मिळवून देणे, हा त्यांचा उद्देश होता. १८८३ मध्ये मद्रासेस समाजाची शाखा निघाली आणि १८८७ मध्ये समाजाच्या कार्याविषयी एक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. राजघराण्यातील व्यक्ती आणि बडे इंग्रज अधिकारी यांचा आश्रय मिळविण्याची समाजाची धडपडही नोंदविलेली आहे. म्हणजे दरबार गेला तरी दरबाराची सावली राहिली होती. परंतु एक मूलभूत फरक झाला : श्रोता आता कोणाचा पाहुणा म्हणून येत नव्हता, तर वर्गणी देणारा सभासद म्हणून येत होता. गायन बसूनच होई. मात्र बैठकीचे यजमानपद एका व्यक्तीकडून मंडळाकडे गेले.

हे मंडळ कोणाचे, हे विसरता येत नाही. पांढरपेशा, बहुधा उच्चवर्णीय पुरुषांचे ते होते. संगीताची ‘प्रतिष्ठा’ वाढविणे याचा एक अर्थ, ज्या पेशेवर स्त्रियांच्या गळ्यात ते संगीत पिढ्यान्‌पिढ्या टिकले होते त्यांच्यापासून ते वेगळे काढणे, असाही होता.

४

सभासदत्वाची ही चौकट ओलांडली ती नाटकाने. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चा प्रयोग पुण्यात झाला. रागदारीच्या चालींवरील पदे कोणाच्याही निमंत्रणाविना, तिकिटाचे पैसे भरून ऐकता येऊ लागली. नट उभा राहून गाई, म्हणजे नाटक हे उभ्याच्या परंपरेतले. पण त्यातील गाणे पुष्कळ अंशी बैठकीतले होते. दोन व्यवस्थांचा असा संकर येथे प्रथमच मोठ्या प्रमाणावर घडला. ‘वन्समोअर’ हा इंग्रजी शब्द मराठीत रुजला तोही या रंगभूमीवर. तो आज्ञार्थी आहे आणि ती आज्ञा यजमानाची नसून तिकीटधारकाची आहे.

मोबदल्याच्या शब्दांतही हा बदल दिसतो. ‘बिदागी’ हा शब्द ‘बिदा’, म्हणजे निरोप, यापासून आला आहे. निरोप देताना यजमानाने दिलेली देणगी ती बिदागी. तमाशातील ‘दौलतजादा’ ही गाणे चालू असताना प्रेक्षकाने केलेली उधळण. दोहोंतही देणाऱ्याचा मोठेपणा गृहीत आहे आणि रक्कम त्याच्या मर्जीवर आहे. तिकिटाची रक्कम आधी ठरलेली, सर्वांना सारखी किंवा जागेप्रमाणे कमीअधिक, आणि गाणे ऐकण्यापूर्वी द्यावयाची. तिच्यात उपकाराला जागा नाही.

विष्णु दिगंबरांच्या कार्याचे महत्त्व या संदर्भात नीट उमगते. मिरजेत एका समारंभाचे निमंत्रण त्यांना आले, परंतु त्यांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर हे ‘गवई’ म्हणून वगळले गेले, आणि त्या अपमानाने त्यांनी मिरज सोडले, अशी हकीकत चरित्रग्रंथांतून येते. तिचा तपशील कसाही असो. गवयाने मैफलीत बसावे, पंगतीत बसू नये, हा तत्कालीन संकेत तीतून व्यक्त होतो. तिकीट लावून गाणे हे त्या संकेताला दिलेले उत्तर होते. ५ मे १९०१ रोजी लाहोरला आणि १९०८ साली मुंबईस त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. पुण्यात भास्करबुवा बखले यांनी १९११ साली भारत गायन समाजाचा पाया घातला, अब्दुल करीम खाँसाहेबांनी १९१३ च्या सुमारास आर्य संगीत विद्यालय चालविले आणि १९३२ मध्ये विनायकराव पटवर्धनांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. या विद्यालयांच्या खर्चास जाहीर जलशांचा आधार असे. शाळा, तिकीट आणि जलसा ही साखळी अशी तयार झाली. म्हणून पलुसकरांना ‘पहिले’ म्हणावयाचे तर ते गायनाच्या जाहीरपणाबाबत नव्हे, तर यजमानावाचून होणाऱ्या बैठकीबाबत.

५

येथपर्यंतचा इतिहास अभिजात संगीताच्या अभ्यासकांस परिचित आहे. ‘जलसा’ या शब्दाची दुसरी वाटचाल मात्र त्यांच्या कक्षेबाहेर राहते. महात्मा फुले यांच्या १८९० मधील निधनानंतरच्या काळात सत्यशोधक चळवळीने आपल्या विचारप्रसारासाठी तमाशाचे रूप घेतले आणि त्याला नाव दिले ‘जलसा’. गण, गौळण, वग ही घडण राहिली, आशय बदलला. शृंगाराच्या जागी भटशाही, सावकारी, कर्ज आणि शिक्षण हे विषय आले. पुढे १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आदींच्या आंबेडकरी जलशांनी हीच परंपरा अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्यात उतरविली.

मूळ अर्थाने ‘बसणे’ असलेल्या शब्दाने येथे उभ्याने गाणाऱ्या, गावोगाव फिरणाऱ्या पथकाचे नाव घेतले, ही अर्थान्तराची घटना अपघाती समजू नये. ‘तमाशा’ या शब्दाला चिकटलेली हीनता टाळावयाची होती आणि त्या वेळी ‘जलसा’ हा सुसंस्कृत, सभ्य गायनाचा शब्द होता. ज्यांना गायनसमाजाच्या बैठकीत स्थान नव्हते, त्यांनी त्या बैठकीचे नाव आपल्या उभ्या गाण्यास दिले. एकाच शहरात एक वर्षाच्या अंतराने जन्मलेल्या दोन ‘समाजां’चा वारसा अशा रीतीने एका शब्दात एकत्र आला. शब्दकोशात हे दोन अर्थ एकाखाली एक छापले जातात. इतिहासात ते समोरासमोर उभे आहेत.

६

तिसरा प्रवाह स्त्रियांचा. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील नाचबैठकींची चित्रे पाहिली, तर यजमान व पाहुणे बसलेले आणि गाणारी-नाचणारी स्त्री व कमरेला वाद्ये बांधलेले साथीदार उभे, असे दृश्य पुनःपुन्हा दिसते. हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९) विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिकीट लावलेल्या जलशात रंगमंचावर बसून, हावभावांवाचून ख्याल गाऊ लागल्या, त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर घ्यावयास हवा. त्या अब्दुल करीम खाँसाहेब आणि ताराबाई माने यांच्या कन्या; शिक्षण घराण्यातले, पण श्रोता नवा. त्यांच्या बसण्यात मैफलीची शिस्त होती आणि तिकीटधारकांच्या उपस्थितीत यजमानाची सत्ता नव्हती. गायनसमाजाच्या काळात ज्यांना दूर ठेवून प्रतिष्ठा मिळवावयाची होती, त्यांनीच पन्नास वर्षांच्या आत ती प्रतिष्ठा आपल्या अधिकाराने घेतली.

७

सवाई गंधर्वांच्या निधनानंतर १९५३ साली पुण्यात त्यांच्या स्मृत्यर्थ सुरू झालेल्या संगीतसमारोहास पुढे ‘महोत्सव’ हे नाव प्राप्त झाले. यात्रा, उत्सव आणि बैठक या तिन्हींच्या खुणा त्यात आहेत : हजारोंचा समुदाय, वार्षिक नियम आणि बसलेला गायक. आरंभीच्या काळातील निरनिराळ्या श्रवणव्यवस्था तेथे एका मंडपाखाली आल्या, असे म्हणता येईल.

या विवेचनावरून अभ्यासकांसाठी एक सूचना निघते. स्थानिक संगीतजीवनाचा इतिहास लिहिताना संस्थांची अहवालपुस्तके आणि गवयांची चरित्रे यांवरच विसंबल्यास सभासदांचा इतिहास हाती लागतो, श्रोत्यांचा लागत नाही. जलशांची हस्तपत्रके, कीर्तनाच्या बिदागीच्या नोंदी, फडांचे हिशेब, नाटकमंडळ्यांच्या जाहिराती यांतील शब्द एकत्र मांडून पाहिले पाहिजेत. कोण ‘बसले’, कोण ‘उभे राहिले’ आणि कोणाला दाराबाहेरूनच ऐकावे लागले, हे त्या शब्दांवरून कळू शकते. पहिला जलसा कोणाचा, या प्रश्नापेक्षा जलशाचे दार कोणासाठी केव्हा उघडले, हा प्रश्न आपल्या विभागातील पुढील संशोधनास अधिक फलदायी ठरेल.