एका माशीची दोन नावं

2008चा सप्टेंबर. पारोळ्याजवळच्या कपाशीत तुम्ही उभे आहात. काळा चिखल चपलेला धरून ठेवतोय. शेंडे पांढरे पडलेत, पानं चिकट झालीत, खोडावरून मुंग्यांची ये-जा चाललीय. पाठीवर पंप घेतलेला शेतकरी विचारतो, "भाऊ, हाई काय शे?"

पिठ्या ढेकूण. बीटी आलं ते बोंडअळीसाठी. रस शोषणाऱ्या या किडीला त्याचं सोयरसुतक नाही.

पंप जरा खाली ठेवायला सांगा आणि भिंग काढा. त्या पांढऱ्या गर्दीत काही ढेकूण तपकिरी, फुगीर, कडक झालेत. एकाला गोल भोक पडलंय. कुणीतरी त्याच्या पोटात अंडं घातलं, अळीनं त्याला आतून खाल्लं आणि माशी होऊन ती निघून गेली. भोक न पडलेले दोन-चार डबीत घ्या. चिठ्ठीवर गाव, तारीख, पीक लिहा. चिठ्ठी नसलेला नमुना म्हणजे कचरा, मग तो कितीही दुर्मीळ असो.

काही दिवसांनी डबीत काळी माशी दिसते, जेमतेम दोन मिलिमीटरची. धरायला गेलात की मधल्या पायांच्या जोरावर टुणकन उडते. एन्सिर्टिडी कुळातली असणार, एवढं यावरून ताडता येतं. जात मात्र कळत नाही.

त्यासाठी 2009चं अलीगढ गाठा. मुस्लिम विद्यापीठातले मोहम्मद हयात यांनी आयुष्य अशाच माशा ओळखण्यात घातलंय. त्यांच्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा: कपाळावर शिंप्याच्या अंगुस्तानासारखे खळगे, म्हणजे प्रजाती एनेशियस. पुढे शृंगिकेचे खंड, पंखांवरचे केस, एकेक ताडून बघायचं. हयात ठरवतात, ही जात नवी. कीटकशास्त्रज्ञ ओ. एम. बंबावाले यांच्यावरून नाव ठेवतात एनेशियस बंबावालेई. मराठी आडनाव ऐकून तुमची कॉलर ताठ होते.

ती फार काळ ताठ राहत नाही. आणखी मागे, 1915मध्ये या. अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ जिरो हीच माशी वर्णून ठेवतोय, ॲरिझोनाच्या नावानं. ही ओळख पटायला पुढे जवळपास शंभर वर्षं लागतात. आधीचं नाव टिकतं, हा नियम. बंबावालेई समानार्थी नावांच्या यादीत जातं.

हयात चुकले म्हणून हसू नका. त्या खटाटोपातून माशीचं माहेर सापडलं. कपाशीवरच्या या पिठ्या ढेकणाचं पहिलं वर्णनही 1898मध्ये शेजारच्या न्यू मेक्सिकोतलंच. ही माशी भारतात कुणी मुद्दाम आणून सोडली नव्हती. आपल्या भक्ष्यामागे तीच इथवर पोचली. पपईच्या पिठ्या ढेकणाची गोष्ट वेगळी. त्याची जात नेमकी ओळखल्यावरच 2010मध्ये बंगळुरूच्या एका संशोधन संस्थेला पोर्तो रिकोहून त्याच्या शत्रुमाशा मागवता आल्या.

तेव्हा कपाशीत तपकिरी ढेकूण दिसले तर फवारणी थांबवा. औषधानं ढेकणाआधी ही माशी मरते.