तेरा आकडी नंबर आणि आमचा स्टार्टर

2018 सालची आवई आठवते का? "मोबाईल नंबर 13 आकडी होणार!" ते आकडे माणसांसाठी नव्हतेच, वीजमीटर, स्वाइप मशीन असल्या यंत्रांतल्या सिमसाठी होते.

यंत्राला स्वतंत्र नंबर द्यायची रीत जुनी. 1980 च्या इथरनेटपासून नेटवर्क कार्डाला 48 बिटांचा पत्ता असतो, अर्धा कंपनीचा, अर्धा त्या नगाचा. पण नंबर आहे म्हणजे ओळख पटली असं नाही. 2016 मध्ये 'मिराई'नं लाखो कॅमेरे-राउटर ताब्यात घेतले, कारण कारखान्यातला पासवर्ड तसाच राहिलेला.

आमच्या मोबाईल स्टार्टरचाही कोड दोन वर्षं 1234च. कुणाच्या तरी फोननं मोटर रात्रभर कोरडी पळाली नि जळाली. रिवाइंडिंगवाला नुसता हसला. आता कोड बदललाय, घरचे दोनच नंबर नोंदवलेत.