पूतनामावशीचं कूळ

वरवर फार जिव्हाळा दाखवणाऱ्याला आपल्याकडे ‘पूतनामावशी’ म्हणतात. पण ही कृष्णाची मावशी कुठल्या नात्याने? भागवतात ती मावशी नाही, हरिवंशात तर ती कंसाची दाई आहे. मावशीपण तिला कीर्तनकारांनी चिकटवलं असावं, असा माझा अंदाज. पाळण्यापर्यंत पोचायचं तर नातं हवं, आणि आईच्या बहिणीला दारात कोण अडवतो?

मी या बाईच्या मागे लागलो तो सुश्रुतसंहितेमुळे. उत्तरतंत्रात मुलांना झपाटणारे नऊ बालग्रह सांगितले आहेत: स्कंद, स्कंदापस्मार, शकुनी, रेवती, पूतना, अंधपूतना, शीतपूतना, मुखमंडिका, नैगमेष. पूतनेने धरलेल्या पोराचं अंग गळून जातं, त्याला धड झोप नसते, जुलाब-उलट्या होतात, तहान शमत नाही. म्हणजे वैद्यांच्या लेखी पूतना हे पोराच्या आजारपणाचं नाव. हे ग्रह मुलांना का धरतात, याचंही उत्तर तिथेच आहे. दाईची आणि आईची वागणूक चुकते, हे एक कारण. दुसऱ्या कारणाने मी थबकलो: ग्रहांना पूजा हवी असते. पोराशी त्यांचं वैर नाही. पोर अंथरुणाला खिळलं की घरदार हात जोडतं, नैवेद्य येतो, आणि त्यासाठीच सगळा खटाटोप.

आता थेट १९७७ सालच्या इंग्लंडमध्ये. लीड्सचे बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये दोन मुलांची हकीकत छापली. सहा वर्षांच्या मुलीच्या लघवीत रक्त नि जंतू सापडत, पण मधूनच नमुना स्वच्छ निघे. डॉक्टर बदलले, तपासण्या झाल्या, औषधं झाली. शेवटी सात दिवस प्रत्येक नमुना कुणाच्या हातून आला याची नोंद ठेवली. ५७ पैकी ४५ स्वच्छ. ते सगळे नर्सच्या देखरेखीखाली घेतलेले. उरलेले १२ खराब. ते आईने घेतलेले किंवा तिच्यापाशी ठेवलेले. दुसऱ्या, तान्ह्या मुलाला घरून मीठ पाजलं जात होतं. तो गेला. दोन्ही आया वॉर्डात सगळ्यांशी मिळूनमिसळून वागणाऱ्या होत्या. पोराच्या आजारपणात आईकडे वळणारं लक्ष ही पूजाच म्हणायची, फक्त देवळाऐवजी वॉर्डात.

पोराचं दुखणं आईनेच रचायच्या या आजाराला इंग्रजी नाव मिळालं ते जर्मन थापाड्या बॅरन मुंचाउसेनवरून, तेही आधी रिचर्ड ॲशर यांनी १९५१ मध्ये स्वतःचंच दुखणं रचणाऱ्या रुग्णांना दिलेलं. बॅरनच्या नावावरचं थापांचं पुस्तक त्याने लिहिलंच नव्हतं. ते रास्पे नावाच्या, कासेलच्या संग्रहावर हात मारून इंग्लंडला पळालेल्या विद्वानाचं. पुढे कुणी ‘पोले सिंड्रोम’ हे नाव सुचवलं, बॅरनचं मेलेलं बाळ पोले म्हणून. १९८४ मध्ये खुद्द मेडोंनी एका सहकाऱ्यासह दाखवून दिलं, की पोले हे गाव आहे, बाळ नव्हे. रचलेल्या आजाराला रचलेलं नाव!

यापेक्षा आपलं कूळ भक्कम आहे, आणि त्याचा एक धागा वाशिमला येतो. वाशिम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. १९३९ मध्ये इथे सापडलेल्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटामुळे वाकाटकांची इथली शाखा नीट उजेडात आली. याच शाखेच्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची बरीच लेणी कोरली गेली. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात उजव्या देवळीत हारीती बसली आहे, शेजारी तिचा नवरा पांचिक. ही राजगृहातली मुलं खाणारी यक्षी. बुद्धाने तिचं धाकटं पोर भिक्षापात्राखाली लपवलं, तेव्हा तिला इतर आयांचं दुःख कळलं. पण ती सुधारली कशाच्या बदल्यात? विहारांत तिला रोज अन्न मिळेल, या वचनावर! सातव्या शतकात चिनी यात्रेकरू इत्सिंगने विहारांत तिच्यापुढे रोज नैवेद्य ठेवलेला पाहिला. सुश्रुतातला व्यवहार इथेही तोच: पूजा द्या, पोर सोडते.

‘पूतना’ शब्दाची फोड मात्र वादग्रस्त. कुणी ‘पूत’, म्हणजे पवित्र, यावरून लावतात, कुणी ‘पूति’, म्हणजे दुर्गंध, यावरून. मी दुर्गंधवाल्यांकडे. सुश्रुताच्या पूतनाग्रस्त पोराच्या अंगाला कावळ्यासारखा वास येतो, आणि भागवतात तिचं प्रेत जाळताना धुराला अगरूचा सुवास सुटतो. दुर्गंध ठाऊक असल्याशिवाय सुवासाचा हा चमत्कार कोण रचेल? पवित्रवाले हिरड्याकडे बोट दाखवतात: भावप्रकाशात हिरड्याच्या सात जातींत एक ‘पूतना’ आहे, लेपासाठी वापरायची. रोग, मारेकरीण आणि औषध, तिघांना एकच नाव. याचा उलगडा माझ्या दुर्गंधाने होत नाही. पण वाद हरलो असंही मी मानत नाही.

भागवतातला आणखी एक तपशील वॉर्डातल्या आयांशी जुळतो. पूतना कृष्णाला उचलते तेव्हा यशोदा आणि रोहिणी तिथेच असतात. तिच्या रूपाने दिपून दोघी नुसत्या बघत राहतात. वॉर्डातही नेमकं हेच घडतं. आदर्श आईवर संशय घ्यायला कुणी धजत नाही. म्हणून चेहरा वाचायच्या भानगडीत पडू नये. त्रास कुणाच्या उपस्थितीत होतो, आई लांब असताना थांबतो का, सांगितलेली लक्षणं रिपोर्टशी जुळतात का, जुने कागद का मिळत नाहीत, हे बघावं.

प्रतिपक्ष म्हणेल, बालग्रह म्हणजे जुलाबाच्या साथींना दिलेली नावं, त्यांत माणसाचा कावा कुठला? बरोबर आहे. सुश्रुताने आईला आजार रचणारी म्हटलेलं नाही. पण तिच्या वागण्यावर ठपका ठेवलाच, आणि तो ठेवायची घाई मेडोंनाही भोवली. १९९९ मध्ये पोटच्या दोन पोरांच्या खुनाचा आरोप असलेल्या सॅली क्लार्कच्या खटल्यात त्यांनी एका घरात दोन पाळणामृत्यू होण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक असल्याचं सांगितलं. आकडा चुकीचा होता. २००३ मध्ये ती सुटली. २००५ मध्ये मेडोंचं नाव वैद्यक परिषदेच्या नोंदवहीतून काढलं गेलं, पुढल्या वर्षी न्यायालयाने ते काढणं रद्द केलं. आपल्या विदर्भात तर सिकलसेल आहे. दुखणं वरून दिसत नाही, पोर मधल्या काळात खेळतं, आणि आई ‘उगाच दवाखाने पालथे घालणारी’ ठरते. तिथे आधी रक्त तपासावं, संशय नंतर.

२०१३ पासून अमेरिकेतली मानसरोगांची सूची हे निदान आजार रचणाऱ्याच्या नावावर घालते, पोराच्या नव्हे. सुश्रुताकडे ‘पूतनागृहीत’ असतं ते पोर. आपल्या सरकारी दवाखान्यातही केसपेपर निघतो तो पोराचाच. आईच्या नावाने तिथे कागद नसतो, मग तिचं निदान लिहायचं कुठे?