पिस्तूल-नेमबाजीतील साधने आणि समन्याय : व्यावहारिक नेमबाजीतील वर्गव्यवस्थेचा उदय

१

कोणत्याही क्रीडास्पर्धेत दोन गोष्टींची एकदमच परीक्षा होत असते : स्पर्धकाच्या कौशल्याची आणि त्याच्या हातातील साधनाची. धावण्याच्या शर्यतीत साधनाचा वाटा अल्प असतो. मोटारींच्या शर्यतीत तो फार मोठा असतो. पिस्तूल-नेमबाजीचे स्थान या दोहोंच्या मध्ये येते. नेम धरणारा हात माणसाचा खरा. परंतु चाप किती हलका असावा, नळी किती लांब असावी, गोळी सुटताना बसणारा धक्का किती सौम्य असावा, हे शस्त्र घडविणाऱ्या कारागिराने आधीच ठरविलेले असते. साधनाला पूर्ण मोकळीक दिली, तर विजय श्रेष्ठ नेमबाजाचा की श्रेष्ठ साधन विकत घेऊ शकणाऱ्याचा, असा संशय उरतो. उलट सर्वांच्या हाती एकच साधन दिले, तर साधनाची सुधारणा खुंटते आणि निरनिराळ्या शरीरयष्टीच्या माणसांवर अन्याय होतो तो वेगळाच.

ऑलिंपिक परंपरेतील नेमबाजीने हा प्रश्न मोजमापाने सोडविला. पंचवीस मीटर अंतरावरील पिस्तूल ३०० × १५० × ५० मिलिमीटर मापाच्या पेटीत बसले पाहिजे, त्याचे वजन १४०० ग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये आणि त्याचा चाप निदान १००० ग्रॅम भार पेलणारा असावा, असा तेथील दंडक आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ सालच्या जकार्ता-पालेम्बांग येथील आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळविले, ते याच प्रकारात. या पद्धतीत प्रत्येक प्रकाराला साधनाची एकच चौकट असते. शिवाय तेथे गोळीच्या शक्तीला गुण नाहीत. लहान व्यासाची, अत्यल्प धक्क्याची काडतुसे सर्वांनाच वापरावयाची असतात. त्यामुळे शक्ती हा वादाचा विषयच होत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत उदयास आलेल्या व्यावहारिक नेमबाजीने मात्र अगदी उलट टोकापासून आरंभ केला. साधनाचे स्वातंत्र्य हे तिचे मूलतत्त्व होते. ते स्वातंत्र्य तिला काही मर्यादेत का आणावे लागले आणि त्यातून वर्गांची व्यवस्था कशी निर्माण झाली, हा इतिहास क्रीडानियमांच्या अभ्यासकाला उद्‌बोधक वाटेल असा आहे.

२

या क्रीडेचे मूळ कॅलिफोर्नियातील बिग बेअर लेक या डोंगराळ भागातील स्पर्धांत आहे. अमेरिकन मरीन दलातील निवृत्त अधिकारी जेफ कूपर यांनी १९५० नंतरच्या दशकात तेथे म्यानातून पिस्तूल काढून वेगाने लक्ष्यवेध करण्याच्या स्पर्धा सुरू केल्या. त्या काळी अनेक स्पर्धक कमरेच्या उंचीवरूनच, एका हाताने, नेम न धरता गोळी झाडीत. लॉस एंजलिस परगण्यातील पोलिस अधिकारी जॅक वीव्हर यांनी शस्त्र दोन्ही हातांनी धरून डोळ्यांसमोर आणले आणि माशी पाहून गोळी झाडली. ही पद्धत क्षणभर मंद, परंतु कितीतरी अचूक ठरली. वीव्हर जिंकू लागले आणि अल्पावधीतच इतरांनी त्यांचे अनुकरण केले.

या घटनेचे महत्त्व पुढील इतिहास पाहिल्यावर अधिक ध्यानात येते. वीव्हर यांचा शोध हा शरीराच्या ठेवणीचा होता. तो पाहणाऱ्या कोणालाही दुसऱ्या दिवशी फुकट उचलता येत होता. मुक्त स्पर्धेतून मिळणारा लाभ जोवर अशा स्वरूपाचा होता, तोवर मोकळीक आणि न्याय यांत विरोध नव्हता.

१९७५ साली झुरिच येथे पहिली जागतिक स्पर्धा झाली व तीत अमेरिकेचे रे चॅपमन विजयी झाले. पुढच्याच वर्षी, १९७६ च्या मे महिन्यात, मिसूरी राज्यातील कोलंबिया येथे परिषद भरून ‘इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन’ ही संस्था स्थापन झाली. कूपर हे तिचे पहिले अध्यक्ष. अचूकता, शक्ती आणि वेग या तीन गुणांचा समतोल हे संस्थेचे ब्रीद ठरले आणि ते तीन लॅटिन शब्दांत बोधचिन्हावर कोरले गेले. शस्त्रांच्या प्रकारांनुसार स्पर्धकांची विभागणी करू नये, सर्वांनी एकत्रच स्पर्धा करावी, हेही तत्त्व आरंभी मान्य झाले. अपवाद फक्त शक्तीचा. कारण शक्ती हा स्वतंत्रपणे गौरवावयाचा गुण मानला होता.

३

शक्ती गौरवावयाची, तर ती मोजली पाहिजे. त्यासाठी गोळीचे वजन ग्रेनमध्ये घ्यावयाचे, त्याला दर सेकंदास किती फूट या वेगाने गुणावयाचे आणि गुणाकाराला हजाराने भागावयाचे, अशी रीत रूढ झाली. येणाऱ्या संख्येला शक्तिगुणांक म्हणता येईल. ठरावीक गुणांकाच्या वरचे शस्त्र ‘मेजर’, खालचे ‘मायनर’. लक्ष्याच्या मध्यभागी लागलेल्या गोळीला दोघांनाही ५ गुण मिळतात. त्याबाहेरच्या पट्ट्यात मेजरला ४, तर मायनरला ३ आणि सर्वांत बाहेर मेजरला २, तर मायनरला १ गुण मिळतो. एकूण गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागून जो भागाकार येतो, त्यावर क्रम ठरतो.

या नियमाचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. वीस गोळ्यांच्या एका फेरीत दोन स्पर्धकांनी पंधरा गोळ्या मध्यभागी आणि पाच त्यालगतच्या पट्ट्यात मारल्या असे समजू. मेजर शस्त्राच्या धन्याला ९५ गुण मिळतील, मायनरच्या धन्याला ९०. पहिल्याला दहा सेकंद लागले असतील, तर त्याचा भागाकार ९.५ येतो. त्याच्या बरोबरीला येण्यासाठी दुसऱ्याने तीच फेरी सुमारे ९.४७ सेकंदांत संपविली पाहिजे. म्हणजे अर्ध्या सेकंदाची ही भरपाई आहे. जड गोळीचा धक्का सोसून पुन्हा नेम धरण्यात जो वेळ जातो, त्याचा मोबदला नियमाने गुणांच्या रूपाने दिला.

नियमामागील गृहीतक असे की, गोळीची शक्ती आणि हाताला सोसावा लागणारा त्रास ही एकाच नाण्याची दोन अंगे होत. कूपर यांना प्रिय असलेल्या .४५ व्यासाच्या कोल्ट पिस्तुलाच्या बाबतीत ते खरेच होते. परंतु मोजली जात होती ती गोळीची शक्ती. हाताचा त्रास कोणी मोजत नव्हते. पुढील दशकातील सारी साधनस्पर्धा या एका फटीतून आत शिरली.

४

एकच शक्तिगुणांक निरनिराळ्या मार्गांनी गाठता येतो. अमेरिकेत एके काळी मेजरची मर्यादा १७५ होती. २३० ग्रेनच्या जड गोळीने ती सेकंदास सुमारे ७६१ फूट वेगाने गाठली जाते; ११५ ग्रेनच्या हलक्या गोळीला त्यासाठी दुप्पट, म्हणजे सुमारे १५२२ फूट वेग लागतो. वरवर पाहता दुसरा मार्ग आडवळणाचा दिसतो. परंतु हलकी गोळी इतक्या वेगाने फेकण्यासाठी दारू पुष्कळ जाळावी लागते आणि नळीच्या तोंडाशी प्रचंड दाबाचा वायू तयार होतो. नळीच्या टोकाला कॉम्पेन्सेटर, म्हणजे वायू वर सोडणारी छिद्रे असलेला जोड, बसविला, तर तोच वायू नळीला खाली दाबून धरतो. शस्त्राचे तोंड उसळत नाही आणि दुसरी गोळी लवकर झाडता येते.

१९८० नंतरच्या दशकात रॉब लेथम आदी अग्रगण्य नेमबाजांनी .३८ सुपर हे जुने काडतूस या कामी आणले. कोल्टच्या मूळ मॅगझिनमध्ये .४५ ची सात काडतुसे मावत, .३८ सुपरची नऊ. म्हणजे कमी उसळी आणि अधिक काडतुसे असा दुहेरी लाभ होता, आणि गुण मात्र मेजरचेच. या मार्गाला धोकाही होता. अतिरिक्त दाबाने काडतुसाच्या पुंगळीचा, नळीच्या भिंतीचा आधार नसलेला बुडाकडचा भाग फुटे. त्यामुळे पुंगळीला पूर्ण आधार देणाऱ्या खास नळ्या घडवाव्या लागल्या आणि खर्चात आणखी भर पडली.

त्यानंतर नेमसाधनांची पाळी आली. १९९० साली ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथील जागतिक स्पर्धा अमेरिकेच्या डग कोनिग यांनी लाल बिंदू दाखविणारे भिंग वापरून जिंकली. माशी, खाच आणि लक्ष्य या तिन्हींवर डोळा जुळविण्याची गरज त्या भिंगाने संपविली. पाठोपाठ रुंद मुठीच्या, दुहेरी रांगेत काडतुसे ठेवणाऱ्या पिस्तुलांचा प्रसार झाला.

या सर्वांत कोणी लबाडी केली असे म्हणता येणार नाही. प्रत्येक सुधारणा नियमात बसणारी होती आणि तीमागे बुद्धी होती. पण वीव्हर यांच्या शोधात आणि या शोधांत मूलभूत अंतर होते. येथे विजेत्याचे अनुकरण करावयाचे, तर कारागिराकडे जावे लागे आणि पैसे मोजावे लागत. त्यात गुणदानाची रीतही अशी की, प्रत्येक फेरीत सर्वोत्तम भागाकार हा शेकडा शंभर धरून इतरांचे गुण त्याच्या प्रमाणात काढले जातात. त्यामुळे एकाच्या हातातील श्रेष्ठ साधन सर्वांचे गुण खाली ओढी. कारखान्यातून घेतलेले साधे पिस्तूल घेऊन येणाऱ्या माणसाला आपण मागे पडलो ते कौशल्याने की साधनाने, हे कळण्याचा मार्गच उरला नाही. स्वतः कूपर यांनाही आपल्या क्रीडेचे हे रूप रुचले नाही.

५

१९९० नंतरच्या काही वर्षांत मूळचे अविभाजनाचे तत्त्व बाजूला ठेवावे लागले. कॉम्पेन्सेटर आणि भिंग यांना मोकळीक देणारा ‘ओपन’ वर्ग कायम राहिला. त्याच्या शेजारी ‘स्टँडर्ड’ हा नवा वर्ग आला. त्यात दोन्ही साधने वर्ज्य झाली, मॅगझिनसह शस्त्र २२५ × १५० × ४५ मिलिमीटरच्या पेटीत बसणे आवश्यक ठरले आणि मेजर गुणांसाठी गोळीचा व्यास निदान दहा मिलिमीटर असावा, अशी अट पडली. गृहीतकाला पडलेली फट बुजविण्याचाच हा प्रयत्न होता. धक्का गिळणारे साधन काढून घेतल्यावर शक्ती आणि त्रास यांचे नाते पुन्हा जुळले.

१९९६ साली बिल विल्सन, केन हॅकेथॉर्न, लॅरी व्हिकर्स प्रभृतींनी ‘इंटरनॅशनल डिफेन्सिव्ह पिस्टल असोसिएशन’ ही निराळी संस्थाच स्थापन केली. नित्य बाळगण्याजोगी शस्त्रे आणि म्याने हाच तिचा पाया होता. मातृसंस्थेने पुढे ‘प्रॉडक्शन’ वर्ग काढला, तो याच भावनेला उत्तर म्हणून. या वर्गात मान्य यादीतील कारखानी पिस्तुले चालतात. शक्तीचा वाद तेथे मुळातच नाहीसा केला आहे. कारण सर्वांना मायनरचेच गुण मिळतात. अधिक दारूने काही साधत नाही, म्हणून कोणी ती भरीत नाही. एक नियम गाळून शंभर नियमांचे काम साधल्याचे हे सुरेख उदाहरण होय.

‘क्लासिक’ वर्गातील नियम तितकाच विचारपूर्वक केलेला आहे. एकेरी रांगेच्या जुन्या धाटणीच्या पिस्तुलात मेजर शक्ती वापरणाऱ्याला मॅगझिनमध्ये आठ काडतुसे भरता येतात, मायनर वापरणाऱ्याला दहा. गुण हवेत की काडतुसे, याची निवड स्पर्धकावर सोपविली आहे आणि कोणत्याही निवडीला तिची किंमत जोडली आहे.

काही वर्ग क्रीडेच्या गरजेने नव्हे, तर राजकीय कायद्याने जन्मले. १९९४ ते २००४ या काळात अमेरिकेत दहापेक्षा अधिक काडतुसांच्या नव्या मॅगझिनांच्या विक्रीवर बंदी होती. बंदीपूर्वीची मॅगझिने ज्यांच्यापाशी होती, त्यांना अनायासे लाभ मिळाला. नवख्यांना तो मिळेना. तेव्हा तेथे दहा काडतुसांच्या मर्यादेचा स्वतंत्र वर्ग करण्यात आला.

६

वर्ग पाडल्याने साधनस्पर्धा थांबली काय? थांबली नाही, ती कुंपणाच्या आत शिरली. स्टँडर्ड वर्गाच्या पेटीत मिलिमीटरभरही जागा वाया जाऊ नये, अशा बेताने पिस्तुले घडविली गेली. दहा मिलिमीटरच्या अटीमुळे, १९९० साली पोलिसी वापरासाठी निघालेल्या .४० स्मिथ अँड वेसन या काडतुसाला क्रीडेत मानाचे स्थान मिळाले. प्रॉडक्शन वर्ग साध्या पिस्तुलांसाठी काढला. पण कारखानी असणे हीच अट असल्याने कारखान्यांनीच स्पर्धेसाठी जड, पोलादी, मऊ चापाची पिस्तुले काढण्यास आरंभ केला. चेक बनावटीचे ‘शॅडो २’ हे पिस्तूल वजनाने सामान्य ग्लॉक पिस्तुलाच्या जवळजवळ दुप्पट आहे, आणि जड शस्त्र उसळते कमी. नियमाचा शब्द पाळला गेला. त्याचा हेतू मात्र काहीसा मागे राहिला.

दुसरी किंमत विखुरण्याची. वर्ग वाढले की, प्रत्येक वर्गातील स्पर्धक घटतात आणि विजेतेपदाचे मोल कमी होते. म्हणून वर्गाला मान्यता मिळण्यास किमान स्पर्धकसंख्येची अट घालावी लागली आणि पेटीत बसणारे भिंगयुक्त शस्त्र चालणारा ‘मॉडिफाइड’ हा वर्ग पुढे बंदही करावा लागला. भिंगे नित्य वापराच्या पिस्तुलांवर दिसू लागली, तेव्हा त्यांच्यासाठी पुन्हा नवा वर्ग निघाला. वर्गांची यादी ही अशी साधनांच्या इतिहासाची बखरच बनली आहे.

तथापि या व्यवस्थेचे मूल्यमापन तिने विषमता नाहीशी केली की नाही, या कसोटीवर करणे योग्य नव्हे. ते कोणत्याही नियमाला साधणारे नाही. तिने केले ते एवढेच की, साधनामुळे पडणारे अंतर पुष्कळसे आटोक्यात आणले आणि स्पर्धकाला त्या अंतराची किंमत आधी कळू दिली. ओपन वर्गात उतरणारा माणूस खर्चाची शर्यत जाणूनबुजून पत्करतो. प्रॉडक्शन वर्गात उतरणाऱ्याला, तुलना आपल्यासारख्यांशीच होईल, एवढे आश्वासन मिळते. १९७६ साली एकत्र बसून नियम करणाऱ्यांनी स्वातंत्र्य हाच न्याय मानला होता. देहाची ठेवण आणि नजरेचा सराव यांपुरते ते खरेही होते, कारण तेथील शोध सर्वांच्या मालकीचा होतो. जेथे शोध विकत घ्यावा लागतो, तेथे मात्र स्वातंत्र्याला कुंपण घातल्यावाचून न्याय टिकत नाही, आणि ते कुंपण वेळोवेळी पुन्हा तपासावे लागते. व्यावहारिक नेमबाजीच्या वर्गव्यवस्थेचा इतिहास याच अनुभवाची साक्ष देतो.