घाटकोपरचा जॉब कन्सल्टंट काय काम करतो आणि त्याला पैसे कोण देतं?

सायनहून ठाण्याकडे जाणारा लाल बहादूर शास्त्री मार्ग, म्हणजे जुना आग्रा रोड, एकेकाळी कारखान्यांचा रस्ता होता. कुर्ल्यात प्रीमियरच्या गाड्या बनायच्या, कमानी ट्यूब्ज होती, पुढे भांडुपला गेस्ट कीन विल्यम्स. आज प्रीमियरच्या जागेवर कोहिनूर सिटी आहे. घाटकोपरला २००९ मध्ये आर सिटी मॉल सुरू झाला, विक्रोळीत २४७ पार्कसारखी ऑफिसं आली.

कारखान्यात चिकटायला ओळख लागायची. गाववाला, युनियनचा पुढारी किंवा आयटीआयनंतरची अप्रेंटिसशिप. नाहीतर एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड. २५ किंवा जास्त कामगार असलेल्या खासगी कंपन्यांनी ठरावीक रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवाव्यात, असा १९५९ चा कायदा होता. पण माणूस तिथूनच घ्यावा अशी सक्ती त्यात नव्हती. मॉल आणि ऑफिसांच्या भरतीत आता बऱ्याचदा मध्ये कन्सल्टंट असतो.

कंपनी त्याला जागा, पगार आणि अटी कळवते. तो जॉब पोर्टलवरून सीव्ही काढतो, फोन करतो, मुलाखतींची लाइनअप लावतो. घाटकोपरमध्ये त्याचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा 'राहता कुठे?' हाच असतो. ८ जून २०१४ ला वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि डोंबिवली-कल्याणच्या मुलांना इथे गाडी बदलून साकीनाका, मरोळ, अंधेरी गाठता येऊ लागलं. मात्र शिफ्ट रात्री उशिरा सुटत असेल, तर घरी कसे जाणार हे तो आधीच विचारून घेतो.

त्याची फी कंपनी देते. ८.३३ टक्के हा प्रचलित दर, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा. तीन लाखांच्या नोकरीमागे साधारण २५ हजार, वर जीएसटी. उमेदवार रुजू झाला तरच बिल लागतं. साधारण तीन महिन्यांच्या आत त्याने नोकरी सोडली, तर बदली माणूस फुकट द्यावा लागतो. रुजू झाल्यावरही कन्सल्टंट 'सगळं ठीक ना?' म्हणून फोन का करतो, हे यावरून कळेल. तो वाईट नसतो, पण त्याचा गिऱ्हाईक कंपनी असते, तुम्ही नाही.

म्हणून कंपनीचं नाव कळल्याशिवाय सीव्ही पुढे पाठवू देऊ नका. दोन कन्सल्टंटांनी एकाच कंपनीत तोच सीव्ही पाठवला, तर फी कोणाची यावर वाद होतो आणि कधीकधी उमेदवारच बाजूला पडतो. नेमणूकपत्र कोणाच्या नावाचं आहे तेही बघा. अंगात ब्रँडचा टी-शर्ट आणि पगार मात्र तिसऱ्याच स्टाफिंग कंपनीकडून, हे मॉलमध्ये सर्रास दिसतं.

आणि रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, युनिफॉर्मच्या नावाखाली पैसे मागितले तर? उमेदवाराकडून फी घेऊ नये, असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९७ चा करार सांगतो, पण भारताने तो मंजूर केलेला नाही. परदेशातल्या नोकरीसाठी मात्र १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली एजंटची नोंदणी लागते आणि त्याला जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेता येतो. नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. ऑनलाइन पैसे भरून फसला असाल, तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवणं अवघड.