सर्व्हरमधील डिस्क बिघडली तर : ओळखायची कशी, डेटा वाचवायचा कसा

करी रोड-लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी आता कार्यालये उभी आहेत आणि कार्यालय म्हटले की कोपऱ्यात सर्व्हर आलाच. शाळा, पतसंस्था, मशिदींचे ट्रस्टही मागे नाहीत. ६ जून २०२५ रोजी उमीद पोर्टल सुरू झाल्यावर वक्फ मिळकतींचे कागद स्कॅन करणे भागच पडले. वक्फनामे, भाडेपावत्या, निकाहची रजिस्टरे असे सगळे एका डब्यात आले. तो डबा बंद पडला तर काय करायचे, हे मुतवल्लींनाही माहीत हवे.

अशा डब्यात बहुधा ‘रेड’ पद्धत असते, म्हणजे अनेक डिस्क मिळून एक साठा. अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मध्ये ही कल्पना मांडली. रेड १ मध्ये दोन डिस्कवर एकच मजकूर असतो. रेड ५ एक डिस्क गेली तरी तग धरते, रेड ६ दोन. रेड ० वर मात्र महत्त्वाचे कागद ठेवूच नयेत. एक डिस्क गेली की सगळेच गेले.

डिस्क बऱ्याचदा सांगून जाते. फाईल उघडायला वेळ लागतो, टकटक आवाज येतो, दिवा केशरी किंवा लाल होतो. ‘स्मार्ट’ अहवालात रीअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टरांचे आकडे वाढत असतील तर नवी डिस्क मागवा. सीआरसी चुका वाढल्या तर दोष बहुधा केबलचा, उगाच खर्च करू नका. खरी अडचण वेगळीच आहे. एक डिस्क गेली तरी काम चालू राहते, त्यामुळे कोणाच्या लक्षातच येत नाही. इशाऱ्याचा ईमेल कोणाकडे जातो ते आजच पाहा. कधी कधी तो नोकरी सोडून गेलेल्या माणसाकडे जात असतो!

डिस्क गेल्याचे कळले की आधी बॅकअप ताजा करा, मग डिस्क बदला. सिरियल नंबर जुळवूनच काढा. घाईत चांगली डिस्क ओढली तर रेड ५ तिथेच कोलमडते. नवी डिस्क भरायला वेळ लागतो: ८ टीबीला, सेकंदाला १५० एमबी धरले तरी, सुमारे १५ तास. तेवढा वेळ बाकीच्या डिस्कवर ताण असतो, आणि त्याही एकाच खेपेला घेतलेल्या, तेवढ्याच जुन्या. म्हणून मोठ्या डिस्कसाठी आम्हाला रेड ६ बरी वाटते.

रेड ५ मधल्या दोन गेल्या तर रिबिल्ड, इनिशियलाइज, फॉरमॅट काहीही दाबू नका. मशीन बंद करा, कोणती डिस्क कोणत्या खाण्यात होती ते लिहून ठेवा. डीडीरेस्क्यूने प्रत्येक डिस्कची प्रत काढा आणि जे प्रयोग करायचे ते प्रतींवरच करा. टकटकणारी डिस्क थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. फ्रीजरमध्ये ठेवायचा घरगुती इलाज तर नकोच, आत ओलावा धरतो.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाईल सगळ्या डिस्कवरून एकदमच पुसली जाते. शिवाय बिघाड डिस्कचाच असतो असेही नाही. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० पासून दुपारी ३.४५ पर्यंत थांबले होते. टेलिकॉम लाइनी बिघडल्या आणि मुख्य स्टोरेजच सर्व्हरना मिळेना. २६ जुलै २००५ चे पाणी पाहिलेल्यांना तर तळमजल्यावरच्या सर्व्हरबद्दल काही सांगायला नको. एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा, आणि महिन्यातून एकदा तिच्यातली एखादी फाईल उघडून पाहा.